फक्त पाऊण तास

शुक्रवार, ९ मे

दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. वहिनी आणि मुलं मजेत असतील. विचारायची पद्धत म्हणून विचारलं, कळवलं नाहीस तरी चालेल.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मला वाटलं, दहा दिवसांनी का होईना, तुला लाज वाटली असेल. म्हणून दुकानातच, चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनपाशी उभ्या उभ्या फोडलं. आत काय, तर 'ठकूने सॉरी म्हटलं, मीही मोठ्या मनाने माफ केलं. आता तू मावशीकडे माझी बदनामी थांबव. पोर फक्त पाऊण तास एका जागी बसली होती. पुढच्या सुट्टीत तिला पुन्हा त्या पाळण्यांच्या पार्कमध्ये नेईन.'

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. वाचता वाचता हातातल्या काचेचा कोपरा उडाला. मालकांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, भावाचं पत्र आहे. त्यांनी दुसरी काच काढून दिली.

पुन्हा नेशील. न नेऊन सांगतोस कुणाला! माझ्या पोरीच्या मनगटावर अपंगांसाठीची ती निळी पट्टी बांधली की सोबतच्या चौघांना बाजूच्या फाटकातून थेट आत सोडतात. बाकीचे लोक तासतास उन्हात उभे, आणि तू, वहिनी आणि तुमची दोघं तिच्या बसून चालवायच्या बॅटरीच्या स्कूटरच्या मागोमाग ऐटीत. आणि फाटकापलीकडे गेल्यावर? 'ती घाबरते हो, ती इथेच थांबेल.' पाच पाळणे झाले, पाचही वेळा हेच. पाचही वेळा तिच्या मांडीवर तुमच्या पिशव्या, पुढच्या टोपलीत तुमचे फोन आणि चपला. घाबरते म्हणे! हॉस्पिटलात पाठीत सुई घेताना डॉक्टरांना विनोद सांगणारी मुलगी ती.

तिला हवी होती ती बोगद्यातली होडी. तेवढी एकच गोष्ट तिच्यासाठी सोयीची. होडी काठाला टेकवून थांबवतात, ती दोन पावलं धरून धरून चढू शकते. महिनाभर तिने त्याची चित्रं काढली होती. तू म्हणालास, 'शेवटी जाऊ.'

सहाव्या पाळण्यापाशी फाटकावरच्या मुलीने विचारलं, 'तुझ्याबरोबर कोण कोण आहे?' आणि ठकू म्हणाली, 'कोणी नाही. हे लोक माझे नाहीत.'

दादा, हे ऐकून मला काय वाटलं ते तुला सांगू? पहिल्यांदा हसू आलं. मग वाटलं, खरंच तर बोलली.

तुझी अब्रू गेली, मान्य. रांगेतले लोक हसले, कुणी शिट्टी मारली. पण तू त्यावर काय केलंस? स्कूटरची किल्ली काढून खिशात घातलीस आणि म्हणालास, 'बस आता इथेच, म्हणजे कोण तुझं ते कळेल.' तिची किल्ली काढणं म्हणजे तिचे पाय काढून नेणं, हे तुला माहीत नव्हतं? तुझ्या मुलाला असं खांबाला बांधून गेला असतास का?

आणि पाऊण तास नाही, दादा. एक तास वीस मिनिटं. तिथल्या झाडलोट करणाऱ्या बाईंनी मला घड्याळ बघून सांगितलं. त्यांनीच तिला सावलीत ओढायचा प्रयत्न केला, पण किल्लीशिवाय ती जड स्कूटर तसूभर हलेना. ठकू त्यांना एवढंच म्हणाली, 'मला बाथरूमला जायचंय.' त्या कुणाला तरी मदतीला आणेपर्यंत उशीर झाला. त्यांनी स्वतःचा एप्रन काढून तिच्या कमरेला गुंडाळला. अकरा वर्षांची आहे ती. कपडे ओले होण्याचं वय कधीच मागे पडलं आहे तिचं.

हे तुझ्या पत्रात नाही. वहिनीने सांगितलं नसेल. की सांगितलं, आणि तू लिहिलं नाहीस?

आता तू म्हणशील, बाईंनी तुला तीन फोन केले, तू कुठे होतीस? मावशीला तू तेच विचारलंस. मी तिला सांगितलं, दुकानात गर्दी होती.

नव्हती. दुकानात मी गेलेच नव्हते. त्या दिवशी माझी सुट्टी होती. तुझ्याशी खोटं बोलले, ठकूशीही. पडदे ओढले, फोन बंद करून उशीखाली घातला आणि झोपले. अकरा वर्षांत पहिल्यांदा, कुणाची हाक येणार नाही अशी झोप. रांगेचंही मला माहीत होतं. 'ठकू असली की रांग लागत नाही' असं तू म्हणालास तेव्हा मी हसले होते. घेऊन जा बाबा, पण घेऊन जा, असं झालं होतं मला.

जाग आल्यावर फोन सुरू केला, बाईंचे तीन फोन दिसले आणि धावत पार्कमध्ये आले, तेव्हा तू आधी बोललास. तू नेहमीच आधी बोलतोस. लोक बघत होते. मी एप्रन पाहिला होता, दादा. पाहिला, आणि विचारलं नाही. म्हणाले, 'मामाला सॉरी म्हण.' तिने माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि म्हटलं. तेच सॉरी तू मोठ्या मनाने खिशात घालून बसला आहेस.

घरी अंघोळ घालताना ती म्हणाली, 'आई, तू विचारलंसुद्धा नाहीस.' मी बाथरूमच्या फरशीवर बसून तिची माफी मागितली. झोपेचंही सांगितलं. तिने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. मग म्हणाली, 'बघू.' अजून बघतेच आहे. सुट्टीतल्या क्लासवरून आली की दप्तर ठेवते आणि आपल्या खोलीचं दार लावून घेते. मी दारावर टकटक करून आत जाते. पूर्वी करत नव्हते.

काल तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तिचंच प्रकरण, तिने ऐकायला हवं. 'मोठ्या मनाने'पाशी तिने मला थांबवलं. म्हणाली, 'मामाला लिही, मी माझं सॉरी परत घेतलं.'

मी म्हटलं, असं परत घेता येतं का गं?

ती म्हणाली, 'ते माझं नव्हतंच. तू म्हणायला लावलंस.'

तेव्हा हे कळवायला लिहिते आहे. सॉरी परत घेतलं आहे. तू दिलेली माफी आता कशाचीच नाही, तुझी तुझ्याकडे ठेव. कधी यावंसं वाटलं तर मिठाई, खेळणी, काही आणू नकोस. तिच्यासमोर खाली बस, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणि काय केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग. ती दार उघडेलच असं नाही. मी तिला उघड म्हणणार नाही.

ठकूची आई