रिकामं आहे, मी बघितलंय

२ नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या इमोजीनच्या शेडमधून करवत गेली, ड्रिल गेलं, नवऱ्याची मासे धरायच्या गळांची पेटीसुद्धा गेली. भरदिवसा! चर्चमध्ये जेवणावळीची भांडी घासायला गेली होती, तेवढ्यात. माझ्या दारात येऊन रडली. म्हणे, "नेडीन, आज शेड, उद्या घर. तुझ्याकडे तर म्हातारं माणूस आहे."

म्हातारं माणूस आतून म्हणालं, "मला ऐकू येतं, इमोजीन."

येतं खरं. एक्याऐंशीव्या वर्षीही डॅडींचे कान शाबूत आहेत. हात तेवढे गेले. इतके थरथरतात की शर्टाची बटणं रोज सकाळी मी लावते. टेबलावर पडलेलं नाणं उचलता येत नाही त्यांना. भिंतीवरची हरणांच्या शिकारीची रायफल आता नुसती शोभेला. म्हणजे चोर आलाच तर या घरात उभं राहायचं ते मी.

संध्याकाळी गावात जाऊन मागच्या दाराला नवं कुलूप आणलं. उद्या बसवते.

४ नोव्हेंबर, सोमवार

शाळेची बस डेपोत लावून घरी आले, तर मागचं दार सताड उघडं. डॅडी पुढच्या खोलीत खुर्चीत घोरताहेत. फ्रीज उघडला – रविवारचं हॅम नाही. अख्खं गायब. चोर हॅम नेतो? भुकेला असेल तर नेईलही.

डॅडींना उठवून सांगितलं. म्हणाले, "सकाळी जाताना दार लावलं होतंस का?"

लावलं होतं! गावची पोरं घरोघर सुखरूप पोचवते मी, आणि हे मला दार लावायला शिकवणार.

बोलले त्यांना. मग वाईट वाटलं. पण ठरलं – पिस्तूल घ्यायचं.

६ नोव्हेंबर, बुधवार

डॅडींच्या रक्तदाबाच्या गोळ्या साखरेच्या डब्यात सापडल्या. त्यांना काही बोलले नाही. बोलून काय होणार.

९ नोव्हेंबर, शनिवार

डेल्बर्टच्या बंदुकांच्या दुकानात अर्धा दिवस गेला. हरणांची शिकार आजच सुरू झालेली, त्यामुळे नारिंगी जाकिटांतल्या शिकाऱ्यांची ही गर्दी. डॅडींना बघून सगळे बाजूला झाले. तालुक्यातली निम्मी माणसं बंदूक धरायला शिकली ती शाळेच्या जिममधल्या शिकारीच्या वर्गात, डॅडींच्या हाताखाली. डेल्बर्टसुद्धा. अजून मास्तरच म्हणतो.

मला म्हणाला, "नेडीनताई, बायकांसाठी हे बघा," आणि एक चिमुकलं गुलाबी पिस्तूल पुढे केलं. पर्समध्ये मावतं म्हणे. मी म्हटलं, मला पर्स नाही राखायची, घर राखायचंय. तरी मागच्या मैदानात उडवून बघितलं. वजनच नाही, त्यामुळे अशी लाथ मारतं की मनगट अजून ठणकतंय. दुसरी गोळी झाडायची इच्छाच उरत नाही.

मग मॅगझिनवालं, काळं, पोलिसांकडे असतं तसलं. मुठीत छान बसलं. पण गोळी नळीत चढवायची तर वरचा भाग खेचून मागे घ्यावा लागतो. माझा अंगठा सांध्यात दुखतो, अर्ध्यातच सुटला. डेल्बर्ट म्हणाला, सवयीनं जमेल. चोर माझी सवय होईपर्यंत थांबणार आहे का?

तिसरं डॅडींनी स्वतः दाखवलं. रिव्हॉल्व्हर. पोलादी, वजनदार, मध्यम नळीचं, रबरी मुठीचं. बटण नाही, कळ नाही, काही लक्षात ठेवायला नको. चाप मात्र जड, त्यामुळे चुकून ओढला जायचा नाही. मी वजनाबद्दल कुरकुर केली, तर म्हणाले, "जडच हवं. जड असलं की हात शांत राहतो. आणि हे बघ –" काडतुसांची चक्री बाजूला पाडली. सहाच्या सहा भोकांतून पलीकडचा दिवा दिसत होता. "भरलंय की रिकामं, एका नजरेत कळतं. मला तुझ्या घरात असंच हवं."

माझं घर म्हणाले. घर त्यांचं आहे.

एक गंमत मात्र झाली. डेल्बर्टनं चक्री उघडून दाखवली, मला दिलं. मी बघितलं, डॅडींना दिलं. त्यांनी पुन्हा उघडलं, थरथरतं बोट एकेका भोकावर फिरवलं. डेल्बर्ट हसला, "मास्तर, आत्ताच तर दोघांनी बघितलं." डॅडी म्हणाले, "तुम्ही बघितलंत. मी कुठे बघितलं?" चाळीस वर्षं हेच. ज्याच्या हातात आली त्यानं बघायचं, मग देणारा सख्खा बाप का असेना.

कागद भरला, फोनवरून माझ्या नावाची चौकशी झाली, घेऊन आलो. घरी ठराव झाला. मी नीट शिकेपर्यंत रिव्हॉल्व्हर रिकामं, पलंगाशेजारच्या लोखंडी पेटीत. पेटीची किल्ली माझ्या गळ्यात. काडतुसं फ्रीजच्या वरच्या फळीवर, जिथे मलाही स्टूल लागतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

इमोजीनकडे चोरी झाल्यापासून मनात होतं, आज एकदाचं मागच्या दाराला नवं कुलूप आणलं. डॅडी म्हणाले, "आणखी एक?"

खणात बघते तर तसंच एक कुलूप, वेष्टनासकट. यांनी कधी मागवलं? कुणाकडून? विचारलं तर खण बंद करून माझा हात धरला.

मला भीती वाटते. चोराची नाही, वेगळीच.

१३ नोव्हेंबर, बुधवार

हॅम सापडलं. चादरींच्या कपाटात, टॉवेलात गुंडाळलेलं. वासावरून सापडलं.

म्हणजे चोर नव्हताच. डॅडी! दार उघडं टाकणं, गोळ्या साखरेत, कुलूप, आता हे. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला सावधपणा शिकवला त्याचं हे व्हावं. कपाटापुढे बसून रडले. मग चादरी धुतल्या.

स्मृतीच्या डॉक्टरांना फोन केला. गुरुवारी, एकवीस तारखेला वेळ मिळाली. डॅडींना अजून सांगितलं नाही. सांगेन कशी? आणि घरात हत्यार आणून बसलेय मी! किल्ली अंघोळीलाही गळ्यातून काढत नाही.

आज बसचं वळण चुकले. ओढ्याकडे वळायचं ते सरळ गेले. पोरं हसली. झोप नाही, दुसरं काय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सराव चालू आहे. रोज शाळेतून आल्यावर, रिकाम्या रिव्हॉल्व्हरनं, स्वयंपाकघरातल्या कोंबड्याच्या चित्राच्या घड्याळावर नेम. आधी मी चक्री उघडून बघते, मग डॅडी बघतात, मग सुरुवात. चाप ओढताना नळी हलायला नको. डॅडी मागून बोलत राहतात, "घाई नको. श्वास सोड. हं, आता." आज सलग सहा वेळा नळी हलली नाही. म्हणाले, "पोरी, तू माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांत बसशील."

हा माणूस हॅम कपाटात ठेवतो!

इमोजीनला डॅडींबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "रविवारी तासभर माझ्याशी बोलले. करवतीची कंपनी, किंमत, कधी घेतली, सगळं त्यांना पाठ. तुझी खात्री आहे का गं?" खात्री आहे. मी राहते त्यांच्याबरोबर, ती नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

झालं ते लिहून ठेवते.

सरावाची वेळ झाली. डॅडी न्हाणीघरात होते. लवकर येईनात. मी पेटी उघडली, रिव्हॉल्व्हर घेतलं, घड्याळावर नेम धरला. रिकामं आहे, मी बघितलंय – असं मनात ठाम. कधी बघितलं? आत्ता? की शुक्रवारी? चापावर बोट होतं. अर्धा ओढलाही होता. घड्याळाच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता.

पाणी बंद झालं. डॅडी दारात आले, अंगावर पंचा. "माझ्याशिवाय सुरुवात? आण इकडे."

मी म्हटलं, "रिकामं आहे. मी बघितलंय."

"तू बघितलंस," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

चक्री बाजूला पाडली. पलीकडचा दिवा दिसला नाही. सहा काडतुसांची पितळी बुडं, सगळी जागच्या जागी.

मी किंचाळले, "तुम्ही भरलंत! तुम्हीच! हॅमही तुम्हीच ठेवलंत!"

ते रागावले नाहीत. रिव्हॉल्व्हर उलटं करून काडतुसं टेबलावर पाडली. मग एक उचलायला गेले. बोटं थरथरली, काडतूस घरंगळलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा घरंगळलं. मला ते दाखवत होते. ज्यांची बटणं मी लावते, ते सहा काडतुसं सहा भोकांत कशी बसवतील? स्टुलावर कसे चढतील? किल्ली माझ्या गळ्यात होती. आताही आहे.

मी खाली बसले. ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले, ओल्या अंगानं. म्हणाले, "बरेच दिवस बघतोय, नेडीन. बोलायची हिंमत होत नव्हती." मी म्हटलं, "डॅडी, पलीकडे तुम्ही होतात." म्हणाले, "होतो. आणि आता इथे आहे."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

डेल्बर्ट येऊन रिव्हॉल्व्हर घेऊन गेला. आधी उघडून बघितलं त्यानं. बसच्या किल्ल्या मीच डेपोत देऊन आले. साहेबाला म्हटलं, पोरं सुखरूप आहेत तोवर घ्या.

२१ नोव्हेंबर, गुरुवार (वार डॅडींना विचारून लिहिला)

इमोजीननं गाडी चालवली. सकाळी डॅडींची बटणं मी लावली. डॉक्टरांकडे खिडकीतल्या बाईनं त्यांचं नाव पुकारलं. ते उठले, तिच्याशी हळू काहीतरी बोलले. तिनं त्यांचं नाव खोडलं आणि तिथे माझं लिहिलं.