याडीचं म्हणणं जसंच्या तसं

भिलाई, ६ जानेवारी १९६०

तीर्थस्वरूप देवसिंगदादा यांस अमरसिंगचा सा. न. वि. वि.

रशियन भाषेनं डोकं उठवलं आहे. कारखान्यातला रशियन साहेब बोलतो ते मी इंग्रजीत सांगायचं, एवढंच काम. पण त्याचं 'दवाय' कधी 'दे', कधी 'चला', कधी 'बरं, निघा'. पाऊस, घड्याळ, सिनेमा, सगळ्यांना तो 'जाणे' हे एकच क्रियापद लावतो, इंग्रजीत मात्र दर वेळी नवं शोधा. वीस तारखेला दुभाष्यांची परीक्षा आहे. हुकली तर पुन्हा गोदामात कारकुनी.

त्यात तुमची पत्रं. आई आपल्या बंजारा गोरबोलीत सांगते, तुम्ही मराठीत लिहिता, हे कबूल. पण गेल्या चारही पत्रांत 'खुशाल आहे, मन लावून शीक' एवढंच? आपली आई, आपली याडी, एका दमात शिव्या, नवस आणि म्हशीची तक्रार सांगणारी बाई. या वेळी तिचं म्हणणं जसंच्या तसं कळवा. लालीवहिनींना नमस्कार. लोभ ठेवा, पण गाळू काही नका.

आपला,
अमरसिंग

तांडा, घाटंजीजवळ, १२ जानेवारी १९६०

चि. अमरसिंग यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राग आला. दोन वर्षं शाळेतून थकून येऊन याडीची पत्रं मी लिहितो आणि तू मलाच मास्तरकी शिकवतोस. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून गाळलं. घे आता.

तुझ्या लग्नासाठी ती ओढणी भरत होती. निम्मे आरसे उलटे टाकले, तेव्हा आम्हांला कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला वीसच तारीख दिली. ती हुकली तर पुढची दिवाळीनंतर. याडी म्हणते, अमर जवळ असल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही, पट्टी सुटली की पहिलं तोंड त्याचंच पाहीन. कागदावरचा पोरगा मले कायले पाहिजे, असंही म्हणते.

आता तूच ठरव. माया आहेच, लिहून दाखवायची सवय मला नाही.

तुझा दादा,
देवसिंग

भिलाई, १६ जानेवारी १९६०

तीर्थस्वरूप दादांस सा. न. वि. वि.

अठराच्या गाडीनं निघतो. परीक्षा गेली. रजेच्या अर्जात दुसरं कारण सुचेना, म्हणून याडीचं 'पट्टी सुटली की' हे वाक्य आधी इंग्रजीत, मग रशियनमध्ये लिहिलं. रोज माझ्या कागदावर लाल पेन्सिल फिरवणाऱ्या साहेबानं एकही शब्द खोडला नाही. कागद परत देत 'दवाय' म्हणाला.

गोदामाचं वाईट वाटतंच. तुमच्यावरचा राग अर्धा उतरलाय, उरलेला समोर काढीन. हे पत्र याडीला वाचून दाखवू नका. मी येतोय एवढंच सांगा, आणि तिच्याच बोलीत सांगा.

आपला,
अमर