माडीवरचा तोल

मांडवी, ३ ऑक्टोबर

चि. वेदिका हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस, म्हणून पत्र. महिनाभर माझा तोल जातोय. माडीवर चालताना पाय खाली गेल्यासारखे वाटतात. डॉक्टर म्हणाले, वय झालं. तेव्हा तुझंच ऐकतो. घर बंद करून दिवाळीआधी कायमचा चिपळूणला येतो. जावईबापूंना सांग, सकाळचा पेपर आधी मी वाचणार.

लोभ वाढवावा, काळजी कमी करावी.
आप्पा

चिपळूण, ७ ऑक्टोबर

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

खोली रिकामी केली. पेपरची अट हर्षदनी मान्य केलीय. पण सांगा, तोल अंगणात जातो का? जेटीवर फिरताना? की फक्त माडीवर, खिडकीपाशी? पुरानंतर ओल धरलेली जमीन आम्ही घरभर उकरली, तेव्हापासून जमिनीचं दुखणं मला थोडं कळतं. फळ्यांवर मी अंथरलेलं प्लास्टिक खिडकीकडून उचला. कुबट वास येतो का बघा. फळीत स्क्रू ड्रायव्हर टोचा. चांगलं लाकूड आत जाऊ देत नाही. तिथे उभे राहू नका, लांब बसून टोचा.

तुमची हट्टी,
वेदिका

मांडवी, ११ ऑक्टोबर

चि. वेदिकास आशीर्वाद.

अंगणात नाही. जेटीवर तर काल भिकाजीला मागे टाकलं. प्लास्टिकखाली फळ्या काळ्या पडल्यात, स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. खिडकीतलं पावसाचं पाणी खाली शिरायचं आणि वाळायचं नाही. धोंडू सुतार म्हणाला, दोन तुळया गेल्यात. वर म्हणतो, आणखी एक पावसाळा थांबला असतात तर, आप्पा, थेट स्वयंपाकघरात उतरला असतात. तू मनाला लावून घेऊ नकोस, प्लास्टिक दिसायला छान होतं.

पाय शाबूत आहेत, त्यामुळे येत नाही.

आप्पा

चिपळूण, १५ ऑक्टोबर

ती. आप्पांना सा. न.

पायात कुसळ जाऊ नये म्हणून अंथरलं आणि तुम्हालाच पाडायला निघाले होते. रागावला असतात तर बरं वाटलं असतं. तुमचे पाय चांगले निघाले म्हणून आनंदाने शिरा केला. येत नाही म्हणून चिडून तो सगळा हर्षदना संपवायला लावला.

माया असू द्या.
वेदिका

मांडवी, २४ ऑक्टोबर

चि. वेदिकास आशीर्वाद.

तुळया, फळ्या नव्या बसल्या. धोंडू वर उड्या मारून दाखवून गेला. अडचण दुसरीच आहे. कायमचा जाणार म्हणून आळीत पाच घरी मी निरोपाचं जेवलो. बिल्किसने तर सुरमई केली होती. आता भेटेल तो विचारतो, आप्पा, अजून इथेच?

तेव्हा रविवारी येतो. पंधरा दिवस तरी ठेवून घे. एकदा गेल्याशिवाय मला इथे राहता येणार नाही.

आप्पा