चांदीतलं नाक

हुपरी, शुक्रवार संध्याकाळ

नाक चुकलं. मान्य. पण म्हणून एवढं बोलायचं?

श्वेतानं कॉलेजच्या प्रदर्शनासाठी केल्ट नाण्याची नक्कल मागितली होती. मी शिक्षण अर्धवट टाकून मामाच्या चांदीच्या कारखान्यात बसतो, म्हणून मला सांगितलं. नाहीतर मला कशाला विचारेल? केल्ट म्हणजे युरोपातल्या जुन्या टोळ्या; त्यांनी ग्रीक राजाचं नाणं बघून आपलं पाडलं, मग त्या नकलेची नक्कल, असं करत राजाच्या तोंडाचे नुसते ठिपके उरले. हे तिनंच मला समजावलं होतं. आणि मी शहाणा! ठशात राजाऐवजी तिचंच तोंड कोरलं, फोटोवरून. वाटलं, खूश होईल.

आज कॉलेजच्या कट्ट्यावर, मैत्रिणींसमोर, नाणं तिच्या हातात दिलं.

"ही कोण म्हणायची?"

"तू हाईस की."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. तिनं त्या नाकावरून नख फिरवलं. "केल्टांनी राजाला कधी बघितलंच न्हवतं रे. तू तर तीन वर्षं माझ्याकडंच बघत बसलायस."

डोकं फिरलं माझं. म्हणालो, "हाय तसं नाक कोरलं असतं तर चांदी पुरली नसती."

का बोललो? चांगलं तर आहे तिचं नाक.

तिचं हसू गेलं. नाणं माझ्या तळहातावर ठेवत म्हणाली, "घे. पुढच्या पोरीला दे. तिलाबी हेच तोंड चालंल."

तिथंच फेकायला हवं होतं. मी जपून खिशात घातलं, जणू पुढच्या पोरीसाठीच. तिच्या डोळ्यांदेखत तिचंच खरं केलं.