नळाच्या वाटेवरचा राखणदार

रत्नागिरी,
ता. ८ मार्च १९३४

चि. सौ. दमयंती हीस,

नानांचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी आई खुशाल आहे म्हणजे माझ्यावर दिवसभर रागावण्याइतकी तिची प्रकृती ठणठणीत आहे. जावईबापूंना आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंना साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. बाळंतपणाला रत्नागिरीला येणार नाही, केळशीलाच राहीन, असं तू लिहिलंस. कारण लिहिलं नाहीस. मी पत्र आईला वाचून दाखवलं. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि मी ती मुकाट्याने खाल्ली. मी तुला आग्रह करणार नाही. आग्रह हे तुझ्या आईचं खातं, माझं खातं पाण्याचं. तेव्हा पाण्याचंच सांगतो.

गावाला पाणी आणणारा आपला चिऱ्याचा पाट अखेर निवृत्त होतो आहे, माझ्याआधी. तुला लहानपणी तो बघायला यायचा केवढा हट्ट असायचा! दिवाळी झाली की आम्ही वरच्या फरशा उचलायचो, आत शिरलेली मुळं कापायचो, गाळ उपसायचो, सांध्यांत नवा चुना भरायचो. तू फरशीवर पालथी पडून आतल्या पाण्याशी बोलायचीस. एवढं सगळं करूनही वैशाखात निम्मं पाणी वाटेतल्या सड्याचा कातळच पिऊन टाकायचा, आणि शेवटच्या नळावरच्या बायका मला बघितलं की हंडे वाजवून दाखवायच्या.

आता बिडाचे पाइप आले आहेत. बोटीने बंदरावर उतरले, तिथून बैलगाड्यांनी सड्यावर चढवले. एकाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवायचं, फटीत काथ्या ठासायचा, मग वितळलेलं शिसं ओतायचं आणि थंड झालं की छिन्नीने ठोकून घट्ट करायचं. फटीत ओल राहिली तर शिसं उडतं. माझ्या मनगटावर त्याची खूण आहे. आईला कंदिलाच्या काचेने भाजलं असं सांगितलंय, तू तेच धरून चाल. पावसाआधी नवी लाइन पुरी करायची आणि तोवर जुन्या पाटातून गावाचं पाणी एक दिवसही बंद पडू द्यायचं नाही, अशी कसरत चालली आहे.

आमचे नवे इंजिनियरसाहेब सोलापूरकडचे. तरुण आहेत, हुशार आहेत, बंदरावर गेले की नाकाला रुमाल लावतात. त्यांचा एकच हेका, लाइन सरळ हवी. त्यात चूक काही नाही. पाइप वळला की पाणी त्या वळणावर धक्का मारतं आणि जॉइंट उघडतो. पण गेल्या आठवड्यात काम अडलं ते याच सरळपणावर.

सड्याच्या कडेला, जुन्या पाटाजवळच, एक जांभळीचं झाड आहे. त्याच्याखाली मातीचा एक पट्टा आहे, बाकी चहूकडे कातळ. साहेबांनी साहजिकच लाइन त्या मातीतून आखली, खणायला सोपं म्हणून. आमचा मुकादम बाबल्या पहार घेऊन पुढे झाला आणि तिथेच थबकला.

"सायेब, हितं पार लावायची न्हाय. हितं राखनदार हाय."

राखणदार म्हणजे काय ते साहेबांना मला समजवावं लागलं. वाटेची, सड्याची, गुराढोरांची राखण करणारा देव. त्यांनी कपाळाला हात लावला. बाबल्याने त्यांना जांभळीखाली बसवलेला एक सपाट चिरा दाखवला. चिऱ्यावर ताजी अबोलीची फुलं होती, मोकळी, नुकतीच ठेवल्यासारखी. "कोनतरी रोज पुजतंय सायेब. आमाला ठावंच नव्हतं, आमचीच चूक," म्हणून त्याने सगळ्या गड्यांच्या पहारी खाली ठेवायला लावल्या, कुठून तरी नारळ पैदा केला आणि गाऱ्हाणं घातलं. तुला त्यातलं ऐकायला आवडेल म्हणून आठवेल तसं लिहितो.

"बा म्हाराजा, या वाटंच्या राखनदारा! आमी तुज्या दारावरनं पानी घेऊन चाललाव. आमच्या हातनं काय चूकभूल झाली आसंल तर पोटात घाल. गावाला पानी पुरव. तान्ह्या लेकरांना सुकात ठेव. गेलेल्यांना थंडावा दे."

"व्हय म्हाराजा!" सगळे गडी म्हणाले. त्यांच्याबरोबर मीही म्हणालो.

साहेब चिडले आहेत. काम बंद आहे. यातून काय वाट काढायची ते मी सांगावं अशी त्यांची अपेक्षा. बघू.

बोटी वैशाख संपेपर्यंत चालू आहेत. हे आपलं सहज लिहिलं.

तुझे,
नाना


रत्नागिरी,
ता. २ एप्रिल १९३४

चि. दमू,

आशीर्वाद. तुझं पत्र परवा आलं. आम्ही बरे आहोत.

तू मला पकडलंस. लिहितेस, "नाना, पालखी दारात आली तरी तुम्ही ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसता. मग तुम्ही होय महाराजा कसं म्हणालात? आणि सड्यावर अबोली कुठून आली? ती अंगणात होते. शिवाय बाईने ठेवली असती तर दोऱ्यात गुंफून ठेवली असती. फुलं ठेवणारा पुरुष आहे." तुला शाळेत घातली त्याचं फळ मी आज भोगतो आहे. हा कागद समोर घेऊन काल सबंध संध्याकाळ नुसता बसलो होतो. आता लिहितो.

तिथे आपली इंदू आहे.

दमू, पुढचं वाचण्याआधी वाटल्यास थोडी थांब. मी पण थांबलो होतो.

एवढ्या लहान जिवाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत, मातीच्या स्वाधीन करतात, हे तुला ठाऊक आहे. जावईबापूंची बोट पोचायची होती. त्या दिवशी मीच तिला घेऊन निघालो. हातात काही वजनच नव्हतं. या गावात माती शोधायची म्हणजे काय ते माझ्याइतकं कुणाला माहीत? सगळा सडा कातळाचा. पण जांभळीखालची ती मऊ जागा मला ठाऊक होती, पाट तपासायला जायची माझी रोजची वाट तिथूनच जाते. मनात एवढंच आलं की इथे ठेवली तर रोज माझ्या नजरेखाली राहील. वर एक चिरा बसवला, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

नंतर तू उंबऱ्यात उभी राहून मला विचारलं होतंस, "नाना, कुठे ठेवलीत हो तिला?" बाळाच्या आईला जागा सांगायची नाही ही आपली रीत. सांगितलं की ती मनाने तिथेच राहते, घरात परतत नाही, असं म्हणतात. मी रीत पाळली. पण तू तशीही परतली नाहीसच. केळशीला गेलीस ती दोन पावसाळे झाले, या घराची पायरी चढली नाहीस. मी मात्र रोज सकाळी अंगणातली अबोली टोपीत घालून निघायचो. टोपी हातात धरून चालणारा मी वाटेत कुणी भेटलं की उकडतंय म्हणायचो, थंडीतसुद्धा.

तर बाबल्याचा राखणदार कोण ते आता तुला कळलं. तो नारळ फुटला, ते "तान्ह्या लेकरांना सुकात ठेव" कानावर आलं. मी व्हय म्हाराजा म्हणालो ते तिला उद्देशून म्हणालो.

तुला मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. "नाना, तुम्ही शिकलेले. तुम्हीही हे मानता? तुमची माणसं खणत नसतील तर मी बाहेरून टोळी आणतो." देवाच्या नावावर वेळ मारून नेणं सोपं होतं, पण बाहेरच्या टोळीने सरळ पहार लावली असती. मी म्हणालो, "साहेब, तिथे देव नाही. माझी नात आहे."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "नाव काय होतं?"

मी नाव सांगितलं. तू गेल्यापासून ते नाव मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. घरात आम्ही दोघं त्याला बगल देऊनच वागत होतो. साहेबांनी नकाशा पुढे ओढला, रबराने ती रेघ पुसली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "किती लांबून वळवली म्हणजे तिला धक्का नाही?" म्हणाले. "जागेला" म्हणाले नाहीत, "तिला" म्हणाले. मासळीच्या वासाला नाक धरणाऱ्या त्या पोराला मी यापुढे कधी हसणार नाही.

लाइन आता जांभळीपासून दूर, कातळातून गेली आहे. गड्यांचे हात सोलून निघाले, पण एकाने कुरकुर केली नाही. राखणदाराने कौल दिला म्हणून बाबल्या खूश आहे. मी त्याला खरं सांगितलेलं नाही. तो चुकला असं मला आता वाटतही नाही.

वळणामागे मी चिऱ्याचा चांगला दणकट टेका बांधून घेतला, चुन्यात, पाण्याचा धक्का त्याने अंगावर घ्यावा म्हणून. परवा परीक्षा झाली. लाइन भरली, पुढचं तोंड बंद केलं आणि पंपाने दाब चढवला. गडी लाइनभर जॉइंट बघत पसरले, मी वळणाजवळ बसलो. इतर ठिकाणी दोन जॉइंट पाझरले, ते पुन्हा ठोकून घेतले. वळणावर हात फिरवून पाहिला, कोरडं होतं. त्या क्षणी मी लहान मुलासारखा रडलो, आणि बाबल्या म्हणाला, "नाना, काम फत्ते झालं म्हनून रडताव व्हय?" मी हो म्हटलं.

घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती माझ्याबरोबर निघाली. टेक्यावर बसली, चिऱ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल. तर मलाच म्हणाली, "इतके दिवस एकटेच येत होतात होय? मला हाक मारायला काय झालं होतं?" उठताना म्हणाली, "पोरीला कळवा. रीत गेली खड्ड्यात." तुझ्या आईच्या तोंडून असं काही मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

म्हणून कळवतो आहे. या घरात तुझं एक लेकरू गेलं. दुसरं इथे जन्माला यावं असं तुला वाटत नाही, आणि तुला चूक ठरवायची माझी छाती नाही. भीती मलाही वाटते. पण तू मला हवी आहेस. केळशीला राहिलीस तरी माझी माया रेसभर कमी व्हायची नाही. फक्त कुठे ठेवलीत या तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं, ते आज पाठवलं.

पत्र फाडून टाकू नकोस. जपून रहा, जड काही उचलू नकोस.

तुझे,
नाना


केळशी,
ता. १२ एप्रिल १९३४

तीर्थरूप नाना यांस,

दमयंतीचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक.

तुमचं पत्र मी आधी विहिरीवर जाऊन एकटीने वाचलं, मग घरी येऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता हे उठून मागच्या दारी गेले. आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "बोट पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. जागा मलाही कुणी दाखवली नाही, आणि मला विचारायचं धैर्य झालं नाही." हे मला आजवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, यांना काही वाटत नाही.

सासूबाई आधी म्हणाल्या, पोटुशी बाई असल्या ठिकाणी पाऊल टाकत नाही. मग खूप वेळ सुपातले तांदूळ निवडत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "गावाला सांग, राखणदाराच्या पाया पडायला जाते. खोटं कुठे आहे त्यात?"

येत्या गुरुवारी आम्ही दोघं हर्णैहून बोट धरतो. मी बाळंत होऊनच परत येईन. बंदरावर बैलगाडी आणा. माझं अंग जड झालंय, तेव्हा गाडीत गवत भरपूर घाला. आईला सांगा, भात टाकून घरी वाट बघत बसू नको, तूही गाडीत ये.

बंदरावरून गाडी आधी सड्यावर न्या. घरी आपण सगळे नंतर जाऊ.

इंदूची आई,
दमयंती