दोन हात वार्निश

बाबा, तुमचा एसी गेल्या महिन्यात एका रविवारी मी खिडकीतून काढला. तुमचा म्हणते, कारण आई अजून त्याला "ह्यांचं यंत्र" म्हणते. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात तो खिडकीत घरघरत राहिला. आपल्या जिन्यातल्या बाकीच्या घरांत दर दोन-तीन वर्षांनी एसीच्या तांब्याच्या कॉइलला भोक पडायचं, गॅस उडून जायचा, मेकॅनिक येऊन मान हलवायचा आणि नवी कॉइल बसवायचा. आपला तेवढा चालू. वरच्या मजल्यावरच्या आंटी दर मे महिन्यात आपल्या दारात उभ्या राहून कपाळ पुसत म्हणायच्या, "बहनजी, भाईसाहब खुद तो चले गए, एसी को अमर कर गए." आई हसायची. त्या हसण्यात तुमचा अभिमान असायचा, आणि माझं मात्र जेवणावरून लक्ष उडायचं. तो का टिकतो याचं कारण मला माहीत नव्हतं, आणि कारण माहीत नसलेली गोष्ट मला आवडत नाही. हा स्वभाव तुमच्याकडूनच आला, असं आई म्हणते. आता कारण माहीत झालं आहे, म्हणून लिहिते आहे.

दिल्लीत यमुनेपार घर घेतलंत ते दिवस मला आठवतात. तेव्हा सगळेच घर घेत होते. शेतांमध्ये क्रेन उभ्या होत्या. रस्ते नकाशावर आधी यायचे, जमिनीवर नंतर. तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली होती, आणि तुम्ही आईला न दाखवता फ्लॅट नक्की करून आलात. तिसरा मजला, पूर्वेची बाल्कनी, मागे मोकळी जागा. घरी येऊन तुम्ही कागदावर पेन्सिलीनं ते सगळं काढून दाखवलंत, आणि मोकळ्या जागेला हलकी हिरवी रंगछटाही दिलीत. मोकळी जागा म्हणजे सांडपाण्याचा उघडा नाला होता. आई तेव्हा पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. नव्या घरातून दोन बस बदलून जावं लागणार, हे तिनं एकदाच बोलून दाखवलं. "मेट्रो होणार आहे," तुम्ही म्हणालात. झाली, बाबा. आई निवृत्त झाल्यावर झाली.

पहिल्याच दिवशी तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि पदर नाकाला लावला. मी खोक्यांतून डबे काढत होते.

"अहो, कसला वास येतोय?"

"नवीन वस्ती आहे. जाईल हळूहळू."

"मला नाही मानवायची इथली हवा."

तुम्ही हसलात. तुमचं ते वाक्य मला इतक्यांदा ऐकायला मिळालं आहे की ते मी तुमच्या आवाजातच ऐकते. "हवा माणसाला मानवते की नाही, ते बघत बसायचं नसतं. माणूस सवय करून घेतो. यंत्राला मानवते का, ते बघायचं." हे तुम्ही बेटावर शिकला होतात. माझ्या जन्माआधी अंदमानात तुमची बदली झाली होती. तिथल्या सरकारी घरांमधले एसी खाऱ्या हवेनं कसे पोखरून जायचे, अॅल्युमिनियमच्या पात्या बोटाच्या धक्क्यानं भाजलेल्या पापडासारख्या कशा तुटायच्या, हे तुम्ही रविवारी जेवताना सांगायचात. "कंपनीतून आलेलं यंत्र तसंच भिंतीत ठेवतात, ते मूर्ख. आधी उघडायचं. मोटारीच्या वाइंडिंगला लावतात ना, ते तांबूस वार्निश, त्याचे दोन हात द्यायचे. पहिला पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नाही. मग खुशाल खारी हवा येऊ दे." तुमच्या हातात घास तसाच राहायचा. मी ऐकत राहायचे. मला वाटतं, मी इंजिनिअर झाले ती त्याच जेवणांमुळे, आणि त्याबद्दल मी तुमचे आभार मानणार होते. ते आता जमणार नाही.

नव्या घरातला पहिला गणपती. पुण्याहून आत्या आली होती, मंडळातली ओळखीची माणसं आरतीला आली होती. आईनं तिच्या माहेरची चांदीची निरांजनं आदल्या दिवशी रांगोळी लावून घासली होती. मी तिच्या शेजारी बसून ताम्हण चिंचेनं घासलं होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे की ती घासली होती. सकाळी बघतो तर निरांजनांवर पिवळट काळी झाक आलेली. ताम्हण डागाळलेलं. आई पुन्हा घासायला बसणार, तेवढ्यात आत्या देवापाशी आली आणि निरांजन हातात घेऊन तिनं ते उजेडाकडे धरलं. बोलली काहीच नाही. बोललात तुम्ही. सगळ्यांसमोर, हसत.

"दिल्लीत राहून हिचा हात आळसावलाय. घासायचं म्हणजे नुसतं पाण्यातून काढायचं नसतं." आणि मग दाराकडे बोट करून, "ती पाटी बघा बाहेरची. पितळेची आहे. तिला कोण घासतं रोज? पडलीय काळी?"

सगळे हसले. पाटी खरंच झळकत होती. तुमचं नाव, खाली हुद्दा.

त्यानंतर आई रोज पहाटे घासत बसायची. शाळेला निघण्याआधी. रांगोळीची पूड, चिंच, जुनं धोतर. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या टोकांना चिरा पडायच्या, त्यात चिंच झोंबायची. फळ्यावर लिहिताना खडू त्या चिरांत जायचा. दोन-तीन दिवसांत सगळं पुन्हा काळं. तुम्ही पेपर वाचताना मान वर न करता म्हणायचात, "अगं, पाटी बघ, पाटी." तिला वाटायला लागलं की खोट तिच्यात आहे. तिच्या घामात काहीतरी आहे, असं एकदा ती मला म्हणाली होती. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना तिनं विचारलंसुद्धा होतं, घामानं चांदी काळी पडते का हो. पुढच्या वर्षी तिनं निरांजनं मलमलीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि देवाला स्टीलची आणली. तुम्ही ते बघितलंत. बघून काही बोलला नाहीत. मला तेव्हा ते तुमचं औदार्य वाटलं होतं.

मी आता गुडगावला एका एसीच्या कंपनीत आहे. काचेची इमारत आहे, आत इतका गारठा की मुली शाली ठेवतात. माझं काम कॉइल का मरते ते शोधायचं. पहिल्याच महिन्यात मला कळलं की यमुनेपारच्या आणि नोएडाच्या तक्रारी वेगळ्या ढिगात ठेवतात. उघड्या नाल्यातून हायड्रोजन सल्फाइड उठतो, तो तांब्याला काळं करून सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतो. चांदीलाही तो तसाच धरतो. हे वाचलं तेव्हा मला निरांजनं आठवली, आणि वाटलं की बाबांना हे ठाऊक नसणार. तुमच्या काळात हे कुणाला माहीत होतं? तुमच्या वतीनं मी तो युक्तिवाद बराच काळ सांभाळला.

मागच्या हिवाळ्यात कंपनीनं मला बेटावर पाठवलं. तुमचं बेट नाही, शेजारचं, जिथे तुम्ही तपासणीला जायचात; वसाहत तशीच, समुद्राकडे पाठ करून बसलेली घरं. तिथल्या घरांतले एसी बदलायचे होते. एका घरात मागच्या दाराचं कुलूप उघडेना. घरातली बाई हसली, "रहने दो मैडम, समंदर पी गया होगा." मी एसीकडे बघितलं, तर म्हणाली, "ये? ये तो दामाद है. आता है ढोल बजाके, टिकता है चार दिन." तिचा नवरा तिथेच खुर्चीत बसला होता. तोही हसला. गंजलेलं कुलूप, गंजलेले खिळे, पांढरी पूड झालेल्या पात्या, सगळं समुद्राच्या नावावर होतं. त्या घरात कुणी बाईला बोलत नव्हतं. परत निघताना वसाहतीच्या शेडमध्ये मोडीत काढलेली जुनी यंत्रं दिसली. एक बाकीच्यांहून शाबूत होतं, त्याच्या कॉइलवर तांबूस, जरा मधासारखा थर. स्टोअरवाला म्हणाला, "ये पुराने टाइम का है. कोई मराठी साहब थे, वो पेंट करवाते थे. बड़े कड़क थे." मी "अच्छा" म्हटलं.

आणि त्या रविवारी आपल्या खिडकीतून यंत्र बाहेर ओढलं. शेवटी गॅस गेलाच होता. जाळी काढली, कॉइल पुसली, आणि तोच मधाचा रंग. दोन हात. पहिला पूर्ण सुकवून दुसरा, कुठेही ओघळ नाही. मी ब्लेडनं एका जागी खरवडलं. खालचं तांबं नव्यासारखं गुलाबी होतं. म्हणजे यंत्र खिडकीत बसवण्याआधी लावलेलं. या हवेत चार आठवडे राहिलेलं तांबं इतकं स्वच्छ सापडत नाही. तुम्ही वासावरून ओळखलं होतं. तुमच्यासारख्या माणसानं ओळखलंच असणार.

तरी मी तुम्हाला एक संधी दिली. जुनी सवय असेल, म्हटलं. बेटावर हात बसलेला, नवं यंत्र आलं की वार्निश, विचार न करता. हे शक्य होतं. मग मी दाराबाहेर गेले आणि पाटीच्या कोपऱ्यावर नख घासलं. नखाखाली तांबूस पापुद्रा आला.

बेटावर पाट्यांना वार्निश लावायचात, असं तुम्ही कधी म्हणाला नव्हता. ही सवय नव्हती. हवा धातू खाते हे तुम्हाला कळलं, तेव्हा या घरातल्या दोन वस्तू तुम्ही वाचवल्यात: एक यंत्र, आणि एक तुमचं नाव. आणि मग त्या पाटीकडे बोट दाखवून तुम्ही आईला बोलत राहिलात. का, ते मला कळतं. हवा वाईट आहे म्हटलं असतं, तर घर चुकलं म्हणावं लागलं असतं, आणि घर तुम्ही एकट्यानं पसंत केलं होतं. त्यापेक्षा बायकोचा हात वाईट निघणं सोपं. कळतं म्हणून ते लहान होत नाही.

आई आत शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, जसं ऑफिसात सांगते तसं: आधी वायू, मग तांबं, मग चांदी, मग वार्निश, शेवटी पाटी. ती सोलायची थांबली नाही. सोलता सोलताच म्हणाली, "म्हणजे मी नीटच घासत होते."

"हो."

"वन्संना आता कोण सांगणार?"

आत्या जाऊन तीन वर्षं झाली. मग तिनं टरफलं पदरातून झटकली आणि विचारलं, "ते वार्निश निरांजनाला चालेल का गं?"

"नाही आई. ज्योतीनं जळेल."

"मग राहू दे. घासीन."

नवा एसी मी स्वतः बसवला. आधी उघडून बाल्कनीत दोन हात दिले. माझा पहिला हात एका जागी ओघळला. तुमचा कुठेच ओघळला नव्हता. जुन्या कॉइलला भोक पडलं होतं ते मागच्या वळणावर, जिथे कुणाचाच ब्रश पोचला नसता. काम उत्तम होतं. हे मी आईला सांगितलेलं नाही.

पाटीचं वार्निश मात्र मी थिनरनं सगळं काढून टाकलं. रागानंच काढलं. आठवड्यात ती काळी पडली, आधी कडा, मग तुमच्या नावाची अक्षरं. मला बरं वाटलं. मी जाता-येता बघत होते. काल ऑफिसातून आले, तर पाटी लख्ख. आईनं ट्रंकेतून काढलेल्या निरांजनांबरोबर तीही घासली होती, आणि दारात उभी राहून मला म्हणाली, "बघ. निघतं की नाही?" वरच्या आंटीही खाली आल्या होत्या; आई त्यांनाही तेच म्हणाली, हिंदीत. तिचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. तुमच्या अक्षरांच्या खाचांत रांगोळीची पांढरी पूड राहिली होती आणि तिच्या अंगठ्याला पुन्हा चीर पडली होती.

डब्यात वार्निश अर्धं उरलं आहे. ती आता दर आठवड्याला पाटी घासणार, हे मला दिसतं आहे, आणि तिच्या बोटांचं काय होणार तेही. पाटी काढून टाकावी, हा सरळ उपाय आहे. स्क्रू चारच आहेत. आज सकाळी मी पेचकस घेऊन दारापर्यंत गेले, आणि अक्षरांतली पूड ब्रशनं काढून परत आले.