गौराबाईच्या नाण्यातला राजा

१० एप्रिल १९२९, बुधवार
पत्रावळींची पानं विकायला वाडीवरची गौराबाई ठाकरीण आली. गळ्यातल्या पोतीत चांदीचं जुनं नाणं! काळवंडलेलं, पण राजाचं तोंड स्पष्ट. सबंध कर्जतात असं नाणं कुणी ओळखलं नसतं. मी ओळखलं. (राजा कुठला ते नंतर ठरवू.) फोटो काढून मुंबईच्या विद्वानांना पाठवणार.
ती देईना. म्हणाली, "आईनं दिल्यालं हाय, मास्तर. माज्या पोरीच्या, आवडीच्या लग्नात तिच्या गळ्यात बांधायचंय."
उद्या परत देतो, असा शब्द दिला. दिला की दिला.

११ एप्रिल, सकाळ
माथेरानच्या एका साहेबानं टाकून दिलेला कॅमेरा घडवंचीवर उपडा बांधला. खाली पांढऱ्या कागदावर नाणं. पूर्वेच्या खिडकीचा उजेड. फोकस करताना डोक्यावर काळं कापड हवं म्हणून बायकोची, द्वारकेची चंद्रकळा घेतली. ती रागावली. आमच्या घरात शास्त्राला किंमत नाही.

संध्याकाळ
कंदिलाला लाल कागद लावून न्हाणीत फोटोची प्लेट धुतली. सगळं धूसर. ऐन वेळी पुण्याची गाडी गेली, घर हाललं. माझा दोष शून्य.

१२ एप्रिल
गौराबाई आली. उद्या देतो म्हटलं. चांगल्या फोटोला तिरपं ऊन लागतं, हे तिला सोप्या भाषेत समजावलं. म्हणाली, "ऊन रोजच हाय, मास्तर. नाणं येकच हाय."
जाताना मागे वळून पाहत होती. उगाच.

१४ एप्रिल, रविवार
काळेपणामुळे राजा उठत नाही. चिंच आणि राखेनं घासला. लख्ख! द्वारकेनं विचारलं, बाईला विचारलंत का? स्वच्छ करायला काय विचारायचं?

१५ एप्रिल
प्लेटवर नुसता पांढरा गोळा. चमक फार. उजेड मऊ व्हावा म्हणून खिडकीला धोतर टांगलं, समोर आरसा धरला. आता नाण्यात धोतराचा काठ दिसतो. काठ सुरेख आला आहे.

१८ एप्रिल
चमक मारल्याशिवाय गत्यंतर नाही. सुताराकडून काचकागद आणला. हलक्या हातानं फिरवला. दुसऱ्या बाजूलाही, म्हणजे वेगळं दिसायला नको. जेवण झाल्यावर पुन्हा थोडा. कुठंकुठं चकाकतच होतं.

१९ एप्रिल
फोटो अप्रतिम! कडा रेखीव, सावली मऊ, उजेड चहूकडून सारखा. फक्त राजा आला नाही.
भिंग घेऊन नाण्यात पाहिलं. तिथंही नाही.

२० एप्रिल
उजेडाचाच प्रश्न असणार. अंगणात, ओसरीवर, माजघरात, सगळीकडे नाणं फिरवून पाहिलं. द्वारकेनं काय शोधता विचारलं. म्हटलं, कोन.
भात गेला नाही.

२३ एप्रिल
गौराबाई आली तेव्हा मी न्हाणीत होतो. प्लेट धुतोय असं द्वारकेला सांगायला लावलं. बाई बराच वेळ पायरीवर बसली. मीही आत बसलो. प्लेट कोरडीच होती.

२७ एप्रिल
ठरलं. खरं काय ते सांगायचं. मनुष्यानं स्पष्ट असावं. उद्या वाडीवर जाणार.

२८ एप्रिल, रविवार
निघालो. स्टेशनापर्यंत गेलो. ऊन फार होतं. परत आलो.

५ मे, रविवार
आज आवडीचं लग्न. द्वारका म्हणाली, तुम्ही जात नसाल तर मी नेऊन देते. गेलो.
गौराबाईनं नाणं हातात घेतलं. पाहिलं नाही, अंगठा फिरवला. "राजाचं नाक लागायचं बोटाला," म्हणाली. "कुठं गेलं?"
जुनी वस्तू, झिजतेच, एवढं म्हणालो. मग मी घासलं म्हणालो. नेमका ढोल सुरू झाला. तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगायचा धीर झाला नाही.
तिनं ते पोतीत ओवलं, पोरीच्या गळ्यात बांधलं. आवडीनं विचारलं, "आये, कंची बाजू फुडं?"
"कंची बी ठेव, गं. मास्तरानं दोनी सारख्याच केल्यात."
मला जेवायला बसवलं. नको म्हणायचं असं वाटेत ठरवलं होतं. दोनदा भात घेतला.